गोलंदाज कै. बाळू पालवणकर

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहावयास बसलें म्हणजे राजे, सेनापति, ग्रंथकार आणि पुढारी यांचीं नांवें आपोआप लेखणीवर येतात. ज्याच्या हातीं ना तलवार होती ना दौत, ज्यानें उभ्या आयुष्यांत चामड्याचा एक लहानसा चेंडू तेवढा नीट टाकून दाखविला, अशा मनुष्याचें चरित्र लिहावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्हांस मात्र यंदां तसें करावेंसें वाटलें. कै. बाळू बाबाजी पालवणकर हे हिंदुस्थानांतील नांवाजलेल्या गोलंदाजांपैकीं अगदीं आरंभींचे होत. त्यांचा जन्म १८७६ सालचा, व त्यांचा शेवटचा मोठा सामना १९२० सालच्या सुमाराचा. तेव्हां आमच्या वाचकांच्या आजोबांनींहि त्यांचा खेळ डोळ्यांनीं पाहिला असण्याचा संभव थोडा. तरीहि त्यांची हकीकत जुनी झाली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तें कां, हें पुढें वाचकांच्या ध्यानीं येईलच.

आमच्या वागळे इस्टेटींत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची वाण नाहीं. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत याच जागेवर उभी राहिली. तेव्हांपासून येथें कारखान्यांची गर्दी अधिक आणि मोकळ्या मैदानांची उणीव. परंतु रविवारीं मालमोटारींची वर्दळ ओसरली, कीं किसननगरापासून श्रीनगरापर्यंत जेथें म्हणून चार पावलें जागा सांपडेल तेथें विटा रचून यष्टि उभ्या राहतात. फळी हातीं घेण्यास सारेच उत्सुक. चेंडू टाकण्यास निम्मे. आणि खेळण्यापूर्वीं जागेवरील खडे वेंचण्यास बहुधा कोणीच नाहीं. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही सांगत आहों, त्याच्या आयुष्याचा आरंभ या शेवटच्या कामापासून झाला. तोहि हौसेनें नव्हे, पोटासाठीं.

बाळू यांचें घराणें मूळचें कोंकणांतील. पालवण हें त्यांचें गांव. त्यावरूनच पालवणकर हें आडनांव पडलें. घराणें चर्मकार समाजांतील, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणें अस्पृश्य मानलेल्या वर्गांतील. वडील लष्करी चाकरींत असल्यामुळें कुटुंबाचा मुक्काम गांवापासून दूर पडे. बाळू यांचा जन्म धारवाडास झाला आणि लवकरच तें कुटुंब पुण्यास आलें. पुण्याची छावणी म्हणजे साहेबांची वस्ती, आणि साहेबांची वस्ती म्हणजे क्रिकेट. अंमलदारांनीं टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम हे खेळूं लागले. पुढें गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे बंधुहि याच खेळांत नांवारूपास आले. एका घरांतून चार नामांकित खेळाडू निघावेत, आणि तें घर गांवच्या पाणवठ्यावर ज्यास उभें राहूं देत नसत अशा समाजाचें असावें, ही गोष्ट आपल्या क्रीडेच्या इतिहासांत एकमेव असावी असें आम्हांस वाटतें.

येथें एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. क्रिकेटचा चेंडू हा कातड्याचा. तें कातडें कमावणारा व शिवणारा हात ज्या समाजाचा, त्या समाजाच्या मनुष्याचा स्पर्श वर्ज्य. पण त्यानें शिवलेला चेंडू मात्र सोंवळ्या हातांतून बेलाशक फिरत असे. रूढीचें तर्कशास्त्र हें असेंच असतें. कारण विचारूं लागलें तर उत्तर मिळत नाहीं.

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यांतील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबांत लागली. खेळपट्टी झाडावयाची, तिजवर रूळ फिरवावयाचा. पगार दरमहा तीन रुपये. क्वचित् सभासदांस सरावासाठीं चेंडू टाकण्याची संधि मिळे. पुढें सुमारें १८९२ सालीं ते पुण्याच्या युरोपियन लोकांच्या क्लबांत चाकरीस लागले. तेथें पगार चार रुपये झाला. रूळ ओढणें, पट्टीवर चुन्याच्या रेघा मारणें, जाळीं उभारणें, आणि प्रसंगीं टेनिसच्या अंगणाची निगा राखणें, हीं त्यांचीं कामें. वय सोळा-सतरा वर्षांचें.

या चाकरीकडे केवळ दैन्य म्हणून पाहणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. दैन्य होतेंच, परंतु तेथें एक शिक्षणहि होतें, आणि तें क्लबाच्या एकाहि सभासदास मिळालें नव्हतें. जो मनुष्य रोज पहांटे पट्टीवर पाणी शिंपडतो, ऊन चढेपर्यंत रूळ ओढतो, आणि संध्याकाळीं त्याच पट्टीवर चेंडू टाकतो, त्यास मातीचा स्वभाव कळूं लागतो. कोठें ओल राहिली आहे, कोठें भेग पडणार आहे, कोणत्या जागीं चेंडू पडला असतां तो थबकेल आणि कोणत्या जागीं उसळेल, हें तो पायांच्या तळव्यांनीं ओळखतो. बाळू हे डाव्या हातानें संथ चेंडू टाकीत. असा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजासमोर पडून त्याच्या फळीपासून दूर वळतो. फलंदाज त्याच्या मागें जातो आणि फसतो. परंतु नुसतें वळण पुरत नाहीं. तोच हात, तीच धांव, तोच आविर्भाव ठेवून एखादा चेंडू किंचित् वेगानें सोडावा, एखादा उंच द्यावा, एखादा मुळींच वळूं देऊं नये. म्हणजे समोरच्याच्या मनांत संशय उत्पन्न होतो, आणि संशयांत पडलेला फलंदाज हा अर्धा बाद झालेलाच असतो. बाळू यांच्या ठिकाणीं हें सर्व कौशल्य होतें. शिवाय तासन् तास न थकतां, टप्पा न सोडतां टाकीत राहण्याची सहनशक्ति होती. ती रुळानें दिली असावी, असा आमचा तर्क आहे.

क्लबांतील साहेबलोकांस सरावासाठीं चेंडू टाकण्यास ते हवे असत. हॅम्पशायरच्या संघाकडूनहि खेळलेले ग्रेग नांवाचे एक लष्करी अधिकारी त्या काळीं हिंदुस्थानांतील युरोपियनांत उत्कृष्ट फलंदाज म्हणून प्रसिद्ध होते. ते इतर मंडळी येण्यापूर्वींच मैदानावर येत आणि बाळू यांजकडून चेंडू टाकवून घेत. अशी आख्यायिका आहे, कीं प्रत्येक वेळीं बाद झाल्यावर ते बाळू यांस आठ आणे बक्षीस देत. महिन्याचा पगार चार रुपये असतां एका बळीस आठ आणे ही रक्कम लहान नव्हे. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, त्या जाळ्यांत दोघांचाहि लाभ झाला: एकाची फलंदाजी सुधारली, दुसऱ्याची गोलंदाजी पक्की झाली. परंतु एक गोष्ट त्या क्लबांत कधींच घडली नाहीं. हजारों चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हातीं कोणी फळी दिली नाहीं. फलंदाजी हा धन्याचा मान. गोलंदाजी हें चाकराचें काम.

या संबंधांत दूरच्या देशांतील एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. अमेरिकेंत फुटबॉल या नांवाचा जो खेळ खेळतात, तो आपल्या फुटबॉलाहून अगदीं निराळा. तेथील धंदेवाईक संघांत चढाई करणारे खेळाडू वेगळे, बचाव करणारे वेगळे, आणि याखेरीज कांहीं जण असे असतात, कीं ते केवळ चेंडू लाथाडण्यापुरते किंवा लाथाडलेल्या चेंडूमागें धांवण्यापुरते मैदानांत येतात. सबंध सामन्यांत त्यांचें काम कांहीं मोजक्या क्षणांचें. तेवढें झालें, कीं ते पुन्हां कडेस जाऊन उभे राहतात. लोकांच्या तोंडीं नांवें असतात तीं दुसऱ्यांचींच. तथापि पुष्कळदां सामन्याचा निकाल त्याच मोजक्या क्षणांत लागून जातो. मात्र यांत एक भेद आहे. त्या खेळाडूंस तो विभाग त्यांचें अंगचें कसब पाहून दिलेला असतो. बाळू यांस जो दिला, तो कसब पाहून दिला खरा, पण त्याच्या सीमा जाति पाहून आंखल्या होत्या.

पुण्यांतील हिंदु मंडळींचाहि एक क्लब होता व त्यास युरोपियनांच्या संघाशीं टक्कर देण्याची ईर्षा होती. शहरांतील सर्वोत्तम गोलंदाज कोण, हें सर्वांस ठाऊक होतें. प्रश्न इतकाच होता, कीं त्यास संघांत घ्यावें कीं नाहीं. कांहीं सभासद अनुकूल होते, कांहीं कट्टर प्रतिकूल होते. बाळू यांस संघाबाहेर ठेवण्यांत हिंदूंचेंच नुकसान आहे, असें ग्रेगसाहेबांनीं बोलून दाखविल्यावर अनुकूल पक्षास जोर आला असें सांगतात. अखेर बाळू यांस घेण्यांत आलें. आमच्या मतें या निर्णयांत उदारपणाचा भाग थोडा आणि जिंकण्याच्या इच्छेचा भाग मोठा होता. पण इतिहासांतील पुष्कळसे दरवाजे अशाच मिश्र हेतूंनीं उघडले आहेत. तेव्हां त्याविषयीं फारसें नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

दरवाजा उघडला खरा, पण उंबरठ्यापुरताच. मैदानावर बाळू ज्या चेंडूस हात लावीत, त्याच चेंडूस त्यांचे उच्चवर्णीय सोबती हात लावीत. खेळ थांबून चहाची वेळ झाली, कीं सारे तंबूंत जात आणि बाळू बाहेर राहत. त्यांस चहा मिळे तो मातीच्या पात्रांत, मग तें पात्र फेंकून देतां यावें म्हणून. जेवणाची पंगतहि त्यांची निराळी. आपण बाद केलेल्या गड्यांची गणती आंत चालली आहे आणि आपण बाहेर उन्हांत उभे आहों, त्या मनुष्याच्या मनांत काय येत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांनीं मात्र खेळांत कसूर केली नाहीं. पुण्याच्या हिंदूंनीं युरोपियनांवर जय मिळविले ते बहुतांशीं त्यांच्याच बळावर.

त्या काळचा साताऱ्याचा एक सामना विशेष प्रसिद्ध आहे. तेथील गोऱ्या लोकांच्या जिमखान्याविरुद्ध पुण्याचा हिंदु संघ खेळावयास गेला. बाळू यांची फिरकी बोथट करावी म्हणून यजमानांनीं पट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती अगदीं गुळगुळीत करून ठेविली होती, अशी हकीकत आहे. परंतु रूळ फिरविण्याची विद्या ज्यास लहानपणापासून अवगत, त्यास ही युक्ति काय अडविणार! बाळू यांनीं सात गडी बाद केले. पुण्यास परत आल्यावर झालेल्या सत्काराच्या प्रसंगीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं त्यांच्या गळ्यांत हार घातला. ज्याच्याशीं खेळतां त्याच्याशीं पंक्तिव्यवहार कां करीत नाहीं, असा जाब न्यायमूर्तींनीं एका सभेंत विचारल्याचेंहि सांगतात. लोकमान्य टिळक यांनींहि बाळू यांचा गौरव केला. सामाजिक प्रश्नांत ज्या दोघांची तोंडें दोन दिशांस, ते दोघे एका गोलंदाजाच्या बाबतींत एका मताचे झाले, हा योग दुर्मिळ खरा.

इतक्यांत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली. मुंबईनंतर पुण्यासहि तिनें ग्रासिलें आणि पुष्कळ कुटुंबांची पांगापांग झाली. याच सुमारास बाळू मुंबईस आले. तेथील हिंदु जिमखान्यांत त्यांच्या प्रवेशाविषयीं पुन्हां तोच वाद झाला, आणि पुन्हां त्याच कारणानें मिटला. पोटासाठीं त्यांनीं बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेंत नोकरी धरली व त्या रेल्वेच्या संघाकडूनहि ते खेळत. नोकरी सांभाळून खेळणारे खेळाडू आमच्या या कारखान्यांच्या वसाहतीस नवे नाहींत. त्या परंपरेचे बाळू हे फार जुने प्रतिनिधि मानावे लागतील.

१९०६ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदु आणि युरोपियन यांचा सामना झाला. पारशांनीं युरोपियनांस पूर्वींच हरविलें होतें. हिंदूंची ही पहिलीच मोठी कसोटी. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धांवा केल्या, युरोपियनांनीं १९१. दुसऱ्या डावांत हिंदु १६० धांवांत आटोपले. जिंकण्यास २१२ धांवा हव्या असतां युरोपियनांचा सारा संघ १०२ धांवांत गारद झाला, आणि हिंदु १०९ धांवांनीं विजयी झाले. या विजयांत बाळू यांच्या गोलंदाजीचा वांटा मोठा होता, आणि शिवराम हेहि त्याच संघांत होते. वंगभंगाच्या चळवळीनें देश पेटलेला असतांना हा निकाल लागला, त्यामुळें वृत्तपत्रांस त्यांत केवळ खेळ दिसला नाहीं. जपाननें रशियास हरविल्याच्या घटनेशींहि कोणी त्याची तुलना केली. कांहीं सुधारक पत्रांनीं मात्र अधिक मर्माची गोष्ट ओळखली, कीं जातिभेद बाजूस सारल्यामुळें हा जय मिळाला. आणि तो बाजूस सारला होता तरी किती? मुंबईस येईपर्यंत बाळू यांस सोबत्यांबरोबर बसून चहा घेतां व जेवतां येऊं लागलें होतें. बारा-तेरा वर्षांच्या गोलंदाजीची ही कमाई.

१९०७ सालापासून हिंदु, पारशी व युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ सालीं त्यांत मुसलमानांचा संघ मिळून ते चौरंगी झाले. धर्मवार संघ पाडण्याची ती पद्धति १९४६ सालीं कायमची बंद पडली, तें योग्यच झालें. परंतु त्या काळीं मुंबईंत या सामन्यांइतका लोकप्रिय दुसरा सोहळा नव्हता, आणि या सोहळ्यांत बाळू यांचें नांव वर्षामागून वर्ष गाजत राहिलें.

त्यांच्या आयुष्यांतील मोठा प्रवास १९११ सालचा. त्या वर्षीं सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ विलायतेस गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे कप्तान. संघांत पारशी, हिंदु व मुसलमान खेळाडू. आणि त्यांत बाळू व शिवराम हे दोघे बंधु. तें पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाचें वर्ष असल्यामुळें महाराजांस मेजवान्यांचीं व दरबारी समारंभांचीं निमंत्रणें पुष्कळ, आणि मैदानावर येण्यास सवड थोडी. संघाचें क्षेत्ररक्षण सुमार होतें, झेल सुटत. शिवाय त्या वर्षीं विलायतेंत असाधारण कडक उन्हाळा पडला. पट्ट्या कोरड्या आणि टणक. संथ फिरकीस त्या मुळींच सोयीच्या नव्हत्या. बाळू यांचें वय पस्तीस. खांदा दुखावलेला. अशा स्थितींत त्यांनीं त्या दौऱ्यांत एकंदर ११४ बळी घेतले, दर बळीस १९ पेक्षांहि कमी धांवा देऊन. त्यांपैकीं ७५ बळी पहिल्या दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनीं एका डावांत १०३ धांवांत आठ गडी बाद केले. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यांत अकरा.

संघाचा हिशेब मात्र खेदजनक आहे. तेवीस सामने खेळले. सहा जिंकले, पंधरा गमावले, दोन अनिर्णित राहिले. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत मिळालेले जय दोनच, लेस्टरशायर व सॉमरसेट यांजवरील. पहिल्यांत बाळू यांच्या अकरा बळींचा वांटा, दुसऱ्यांत शिवराम यांच्या शतकाचा. सॉमरसेटचा सामना तर शेवटची एकच जोडी उरली असतां जिंकला. दोन जय, आणि दोहोंच्या मुळाशीं एकाच घरचे दोन भाऊ! आम्ही हे आंकडे पुन्हां पुन्हां वाचले आणि प्रत्येक वेळीं आम्हांस वाटलें, कीं शेजारीं चार चांगले झेल घेणारे हात असते, तर ११४ हा आंकडा कोठें गेला असता कोण जाणे.

परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या वेळीं त्यांस अर्पण केलेलें मानपत्र एका तरुण विद्यार्थ्यानें लिहिलें होतें असें सांगतात. त्या विद्यार्थ्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर. आपल्या समाजांतील एक मनुष्य साहेबाच्या देशीं जाऊन साहेबाच्या खेळांत साहेबास बाद करून आला, याचा अभिमान त्या तरुणास वाटावा हें स्वाभाविकच होतें. त्या दोघांची पुढील भेट कोणत्या रणांगणावर व्हावयाची होती, तें त्या दिवशीं कोणासच ठाऊक नव्हतें.

आतां या चरित्रांतील जो भाग आम्हांस सर्वांत अधिक बोंचतो, त्याकडे वळूं. हिंदु संघांत बाळू यांच्याइतका अनुभवी दुसरा खेळाडू नव्हता. विलायतेच्या दौऱ्यानंतर तर त्यांच्या योग्यतेविषयीं वाद उरला नव्हता. तरीहि हिंदु संघाचें कप्तानपद त्यांस मिळालें नाहीं. वर्षामागून वर्षें गेलीं, कप्तान बदलले, ते सारे उच्चवर्णीय. १९१३ सालीं श्री. पै यांची नेमणूक झाली, तेव्हां त्यांनीं आपल्या सत्काराच्या वेळींच मोकळेपणानें सांगितलें, कीं हा मान वडीलकीनें व अनुभवानें बाळू यांचा आहे. पै यांच्या या उद्गारांबद्दल त्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण निवडसमितीनें तें ऐकलें नाहीं. घाम गाळणें एकाचें आणि हुकूम करणें दुसऱ्याचें, ही जी पुण्याच्या जाळ्यांतील वांटणी, तीच येथें निराळ्या रूपानें उभी राहिली. फळी आतां मिळत होती. अधिकार मात्र मिळत नव्हता.

१९२० सालीं ही गोष्ट उघड्यावर आली. तें साल असहकाराचें. अस्पृश्यता गेल्यावांचून स्वराज्य नाहीं असें महात्माजी सांगत होते. चौरंगी सामन्यांच्या वेळीं कप्तान पै आजारी पडले. बाळू यांस त्या वेळीं संघांतूनच वगळलें होतें, आणि कप्तानपद विठ्ठल यांस न देतां त्यांच्याहून कमी अनुभवाचे प्रो. दि. ब. देवधर यांस देण्यांत आलें. देवधर हे मोठे खेळाडू झाले व त्यांची योग्यता आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. पण येथें प्रश्न योग्यतेचा नव्हता. शिवराम आणि विठ्ठल यांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि आपणांवर जातीमुळें अन्याय होतो हें जाहीरपणें मांडलें. वृत्तपत्रांतून चर्चा झाली. लोकमत बंधूंच्या बाजूस झुकलें. अखेर पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठीं तिघेहि बंधु संघांत परत आले आणि बाळू यांस उपकप्तान नेमलें. पै बरे होऊन खेळले; पण त्या सामन्यांत कांहीं वेळ ते मुद्दाम मैदानाबाहेर गेले व संघाचीं सूत्रें त्यांनीं बाळू यांच्या हातीं दिलीं. तेव्हां बाळू यांचें वय चव्वेचाळीस. हिंदु संघ त्यांच्या हुकमतीखालीं खेळला तो एवढाच वेळ.

त्याच सुमारास बंधु गणपत ऐन उमेदींत वारले. बाळूहि मैदानावरून निवृत्त झाले. पण जो मान थोरल्यास नाकारला, तो धाकट्यास मिळाला. १९२३ सालीं विठ्ठल हे हिंदु संघाचे कप्तान झाले, आणि त्याच वर्षीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. विजयानंतर सवर्ण प्रेक्षकांनीं विठ्ठल यांस खांद्यावर घेऊन मिरविलें. बारा वर्षांपूर्वीं हें घडतें तर त्या खांद्यांवर दुसरे पालवणकर असते. विठ्ठल यांनीं पुढें आपलें आत्मचरित्र मराठींत लिहिलें. आपल्या भाषेंतील क्रीडाविषयक आत्मचरित्रांत त्याचें स्थान अगदीं आरंभींचें आहे.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणांत ओढले गेले. १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत महात्माजींनीं उपोषण आरंभिलें आणि पुणें करार झाला. त्या करारावर डॉ. आंबेडकरांप्रमाणेंच बाळू यांचीहि सही आहे. पुढल्या वर्षीं ते हिंदु महासभेच्या वतीनें मुंबई महापालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. १९३७ सालीं मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांस डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध उभें केलें. ज्यानें मानपत्र लिहिलें तो आणि ज्यास तें मिळालें तो, असे दोघे समोरासमोर आले. डॉ. आंबेडकर यांस १३,२४५ मतें पडलीं, बाळू यांस ११,२२५. काँग्रेसनें बाळू यांच्या कीर्तीचा उपयोग केवळ एक चेंडू टाकून पाहण्यासारखा केला, असें कांहीं लोक म्हणतात. आम्हांस तें अगदींच खोटें वाटत नाहीं. पण बाळू यांस स्वतःचें मत नव्हतें असें मानणें हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल. हिंदु समाजांत राहूनच त्याचें मन पालटतां येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्यानें मातीच्या पात्रापासून सुरुवात करून हळूहळू पंक्तीपर्यंतची वाट स्वतः चालून पाहिली, त्याची तशी श्रद्धा कां झाली हें समजण्यासारखें आहे. डॉ. आंबेडकर यांनीं त्याच वाटेची लांबी मोजली आणि ती एका समाजाच्या आयुष्यास पुरणार नाहीं असा निर्णय केला. इतिहासानें डॉ. आंबेडकर यांची दृष्टि अधिक दूरची ठरविली. तथापि सहा-सातशें नव्हे, अकरा हजारांवर लोकांनीं त्या वृद्ध गोलंदाजाच्या नांवापुढें खूण केली, हेंहि विसरतां येत नाहीं.

हिंदुस्थानच्या संघानें पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर खेळला. तेव्हां बाळू छप्पन्न वर्षांचे होते. यामुळें कसोटी खेळाडूंच्या कोणत्याहि यादींत त्यांचें नांव सांपडत नाहीं, आणि जे केवळ याद्या वाचतात त्यांस ते ठाऊकहि नसतात. पुढें रामचंद्र गुहा या इतिहासकारांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत पालवणकर बंधूंची हकीकत विस्तारानें मांडली. तेव्हां कोठें पुष्कळांचें लक्ष या घराण्याकडे पुन्हां गेलें.

पहिल्या दर्जाच्या तेहतीस सामन्यांत बाळू यांनीं १७९ बळी घेतले. एका बळीस सरासरी पंधरांहून किंचित् अधिक धांवा पडल्या. एका डावांत पांच किंवा अधिक गडी बाद करण्याचा प्रसंग सतरा वेळां आला. फळी हातीं आली तेव्हां त्यांनीं ७५३ धांवाहि केल्या. ता. ४ जुलै १९५५ रोजीं, वयाच्या एकोणऐशींव्या वर्षीं, मुंबईस त्यांचा अंत झाला, आणि सांताक्रूझ येथें त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यांत आले.